मांडवगड, महेश्वर, ओंकारेश्वर: आपली प्रवासाची चाल ओळखण्यासाठी इंदूरहून तीन दिवसांचा फेरा

प्रवासाची मनापासून आवड असलेली दोन माणसं एकत्र निघाली तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुरबुर सुरू होते. एकाला पहाटे सहाला घाटावर जाऊन नुसतं बसायचं असतं, दुसऱ्याला नऊला उठून, गरम नाश्ता करून चार इमारती नीट बघायच्या असतात. आवड दोघांचीही खरी, पण चाल वेगळी. ही चाल आधी ओळखली नाही तर ठिकाण कितीही सुंदर असो, घरी परतताना ‘बघून झालं’ एवढंच हाती राहतं.

ती ओळखायला इंदूरकरांना लांब जावं लागत नाही. शंभर किलोमीटरच्या आत तीन अगदी वेगळ्या स्वभावाची गावं आहेत. मांडवगड इमारतींचं आणि मोकळ्या माळाचं, महेश्वर नदीचं आणि हातमागाचं, ओंकारेश्वर गर्दीचं, श्रद्धेचं आणि पायी चालण्याचं. तिन्ही एका फेऱ्यात बसतात. इंदूर ते मांडवगड धारमार्गे साधारण ९५ ते १०० किलोमीटर, तिथून धामनोदवरून महेश्वर ४० च्या आसपास, महेश्वरहून मंडलेश्वर-बडवाहमार्गे ओंकारेश्वर ६५ च्या आसपास, आणि परत इंदूर ८०. म्हणजे एकूण २८० ते २८५ किलोमीटर, तीन दिवस, दोन रात्री. हीच तिन्ही ठिकाणं एका दिवसात दाखवणारी टूर कितीही स्वस्त पडली तरी घेऊ नका. त्यात निम्म्याहून जास्त दिवस गाडीत जातो, आणि महेश्वरचा घाट भर दुपारी पाहायला लागतो. ती त्याची सगळ्यात वाईट वेळ.

निघण्याआधी वही

खिशात मावेल अशी शंभर पानी वही आणि साधं बॉलपेन घ्या. जेल पेन नको, पावसाच्या एका सरीत पान निळं होतं.

पहिल्या तीन पानांवर आधीच्या तीन प्रवासांची आठवण लिहायची. प्रत्येक प्रवासासाठी तीनच गोष्टी: कोणता तास अजून डोळ्यांसमोर आहे, कोणता तास फुकट गेला असं वाटतं, आणि शरीर नेमकं कुठे दमलं. हे लिहिताना फोनमधले फोटो उघडायचे नाहीत. फोटो पाहिले की जे टिपलं तेच आठवतं. घाटावर कोणाशी तरी झालेल्या गप्पा, एसटीच्या खिडकीतून दिसलेलं शेत, धर्मशाळेतली वरणभाताची चव यांचा फोटो काढलेला नसतो, आणि पुष्कळदा आपली खरी आवड तिथेच असते.

प्रवासात दिवसातून तीनदा वही उघडायची: नाश्त्यानंतर, दुपारी चारच्या सुमारास आणि झोपताना. दर वेळी वेळ, ठिकाण, दमणूक (१ ते ५) आणि एक ओळ, एवढंच. खर्च मागच्या पानापासून उलटा लिहीत यायचा. बहुतेक जण इथे एकच चूक करतात, सगळं रात्री लिहायला ठेवतात. रात्री अंग दुखत असतं, त्यामुळे सकाळचा सुंदर तासही ‘दमलो’ या शब्दाखाली दबतो. चारची नोंद सगळ्यात महत्त्वाची, कारण दुपारी चारला माणूस जितका खरा असतो तितका सकाळी नसतो.

कधी जायचं

सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ उत्तम. मांडवगडचे तलाव भरलेले असतात, गवत अजून हिरवं असतं आणि हवा धुतल्यासारखी असते. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं फार देखणं दिसतं हे खरं, पण शनिवार-रविवारी निम्मं इंदूर तिथेच असतं आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरण्याचा धोका मोठा. पावसाळ्यातच जायचं असेल तर मंगळवार ते गुरुवार निवडा.

श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि अमावस्या या दिवशी ओंकारेश्वर टाळा. त्या गर्दीतलं दर्शन हाच ज्यांचा हेतू आहे त्यांची गोष्ट निराळी. २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. त्या काळात उज्जैनला आलेले यात्रेकरू ओंकारेश्वरलाही जातात, म्हणून तेव्हा हा फेरा ठेवूच नये.

हवामानाची एक बाब इंदूरकरांच्याही लक्षात राहत नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे आणि महेश्वर-ओंकारेश्वर खाली निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात. मांडवगडच्या कड्यावरून उतरलं की हवा बदलते. ऑक्टोबरच्या सकाळी मांडवगडला स्वेटर हवासा वाटतो आणि त्याच दुपारी महेश्वरला सुती सदरासुद्धा पाठीला चिकटतो. एप्रिल-मे मध्ये निमाडात दुपारी बाहेर पडणं शरीरावर अन्याय आहे.

पाठपिशवी

तीन दिवसांना ३० लिटरची पिशवी पुरते. भरलेल्या पिशवीचं वजन पाणी सोडून ६ किलोच्या आत ठेवा. घरच्या वजनकाट्यावर आधी पिशवी घेऊन उभं राहा, मग तिच्याशिवाय. फरक म्हणजे वजन. अंदाज जवळजवळ नेहमी दीड-दोन किलोने चुकतो.

अंगावरचे धरून कपड्यांचे तीन जोड, एक पातळ स्वेटर, दोन पंचे. टॉवेल नको, पंचाच. जाड टॉवेल रात्रभर वाळत नाही, सकाळी ओलाच पिशवीत जातो आणि दुपारपर्यंत सगळ्या कपड्यांना कुबट वास लागतो. पंचा पंख्याखाली दोन तासांत वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो, घाटावर अंथरता येतो आणि डबा गुंडाळायलाही चालतो. त्याशिवाय तीन मीटर नायलॉनची दोरी, सहा चिमटे, चार सेफ्टी पिना, एक छोटा टॉर्च.

पावसाचे दिवस असतील तर पिशवीवरच्या कव्हरवर भरवसा ठेवू नका. कव्हर पाठीकडची बाजू उघडीच ठेवतं, आणि पाणी पट्ट्यांवरून ओघळत तिथूनच आत शिरतं. कचऱ्यासाठी मिळणारी मोठी काळी पिशवी आतून अस्तरासारखी लावा, कपडे तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा. जड वस्तू पाठीला चिकटून आणि मधल्या उंचीवर राहू द्या. तळाशी ठेवल्या तर पिशवी मागे ओढते आणि खांदे भरून येतात.

पायात रबरी, खाचदार तळाचे, किमान दोन आठवडे वापरलेले बूट किंवा सँडल. नवं पायताण घालून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी टाचेच्या फोडाशिवाय दुसरं काही बघत नाही. एक जुना मोज्यांचा जोड वेगळा ठेवा. देवळात चपला काढल्यावर दुपारची फरशी आणि घाटाच्या पायऱ्या अक्षरशः चटके देतात.

औषधांत नेहमीच्या गोळ्या, पट्टी, मलम आणि ओआरएसच्या चार पुड्या. पुडीवर किती पाण्यात घालायची ते वाचा. मोठी पुडी १ लिटरची असते, छोटी २०० मिलिलिटरची. मोठी पुडी एका ग्लासात ढवळून पिणं ही नेहमीची चूक. ते पाणी इतकं दाट होतं की त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा सपाट, शिगोशीग नव्हे.

सुट्टे पैसे बरोबर हवेतच. १०, २० आणि ५० च्या नोटांत दोनेक हजार रुपये ठेवा. मांडवगडच्या टोकाला आणि घाटांवर नेटवर्क दगा देतं, आणि नाववाल्याचे पैसे ‘प्रक्रिया सुरू आहे’ या पाटीवर अडकले की दोघांचाही मूड जातो.

डबा: दशम्या

पहिल्या दिवशीच्या दुपारसाठी घरचा डबा न्या. मांडवगडात जेवणं मिळतात, पण जेवणाच्या वेळेला अडकलं की इमारतींच्या वेळा चुकतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी प्रवासासाठी दशमी निवडली ती उगाच नाही. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली आणि गूळ घातलेली असल्यामुळे ती मऊ राहते आणि पोळीपेक्षा जास्त टिकते.

दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी किसलेला गूळ, अर्धी ते पाऊण वाटी दूध, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ. दूध तापवून पूर्ण निवू द्या आणि मगच त्यात गूळ विरघळवा. गरम दुधात गूळ टाकला की दूध फाटतं. कणकेत तूप चोळून घ्या, मग हे दूध थोडं थोडं घाला. गूळ नंतर आणखी सुटतो आणि गोळा सैल होतो, म्हणून सुरुवातीला घट्टच भिजवायचा. वीस मिनिटं झाकून ठेवा. पोळीपेक्षा किंचित जाड लाटा आणि मंद आचेवर भाजा. आच मोठी झाली तर गूळ करपतो, बाहेरून काळी आणि आतून कच्ची दशमी होते. साधारण आठ होतात.

बिघडतं ते भरताना. गरम दशम्या एकावर एक रचून डबा बंद केला की वाफेचं पाणी होतं आणि दुसऱ्या सकाळी बुरशीचा वास येतो. प्रत्येक दशमी कापडावर सुटी पसरून दोन्ही बाजूंनी गार करा, मग पंचात गुंडाळून डब्यात. थंडीत दोन दिवस चांगल्या राहतात, ओल्या किंवा उकाड्याच्या दिवसांत दुसऱ्या दुपारपर्यंत संपवा. सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी. ओलं खोबरं घातलेली चटणी दुपारपर्यंतच ठीक.

पहिला दिवस: मांडवगड

बसने जायचं असेल तर धारच्या गाड्या गंगवाल बसस्टँडवरून सुटतात, सरवटे बसस्टँडवर जाऊन वेळ घालवू नका. धारला उतरून मांडूची, म्हणजे मांडवगडचीच, गाडी धरायची. गाडी बदलणं आणि वाट पाहणं धरून चार तास मोजा. स्वतःच्या गाडीने अडीच तास पुरतात. सकाळी साडेसहापर्यंत घर सोडा.

निघताना कोपऱ्यावरचे पोहे खाऊनच निघा. इंदूरचे पोहे प्रवासाला फार सोयीचे असतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर, वाफेवर ठेवलेले असल्यामुळे ते मोकळे आणि हलके राहतात, फोडणीचं तेल वर येत नाही. बडीशेपेचा दाणा दाताखाली येतो, वरून शेव, कांदा, लिंबू आणि जीरावन मसाल्याची चिमूट. कचोरी मात्र परतीच्या दिवसासाठी राखून ठेवा.

मांडवगड लांबट पसरलेलं आहे. उत्तरेच्या दिल्ली दरवाज्यापासून दक्षिणेच्या रूपमती मंडपापर्यंत सहा-सात किलोमीटर. गावात भाड्याने सायकली मिळतात आणि आमच्या मते मांडवगड बघायची खरी रीत तीच. घेताना मागचा ब्रेक जोरात दाबून बघा, चाक घसटतंय का पाहा, आणि हवा तिथेच भरून घ्या. चालायचं असेल तर एका दिवसात सगळं बघायचा हट्ट सोडा.

इमारतींचे गट आहेत आणि तिकिटं गटानुसार वेगळी. ती दिवसभर जपून ठेवा. पहिल्या दुपारी गावातल्या जामा मशिदीपासून सुरुवात करा, कारण तिच्या कमानींखाली सावली आहे. तिच्यामागेच माळव्याचा सुलतान होशंगशाह याची संगमरवरी कबर. शहाजहानचे वास्तुकार ती पाहायला आल्याची १६५९ ची नोंद दाराच्या चौकटीवर कोरलेली आहे. बहुतेक लोक सरळ आत जातात आणि ती नोंद मागे राहते. चौकटीपाशी दोन मिनिटं थांबा.

चारला वहीची नोंद करून दक्षिणेकडे निघा. वाटेत रेवाकुंड आणि बाजबहादूरचा महाल, आणि शेवटी चढावर रूपमती मंडप. सूर्यास्ताच्या किमान पाऊण तास आधी वर पोचायचं. खाली निमाडचं मैदान पसरलेलं असतं आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर नर्मदेची चंदेरी रेघ दिसते. ती बहुतेकांना दिसत नाही, कारण ते पायथ्याशी शोधतात. नजर क्षितिजाच्या जवळ न्या. उन्हाळ्यात धुरकट हवेत रेघ दिसतच नाही, पाऊस संपल्यावरच्या पहिल्या काही स्वच्छ दिवसांत सर्वांत ठळक दिसते.

रस्त्याच्या कडेला फुगीर बुंध्याची, आखूड फांद्यांची अवाढव्य झाडं दिसतील. ती मूळ आफ्रिकेतली गोरखचिंच. तिची लांबट, लवदार फळं ‘मांडूची इमली’ म्हणून विकायला असतात. आतला पांढरा गर कोरडा आणि आंबट असतो, चोखायचा असतो. कवच टणक असल्याने फोडून घ्यायचं. रात्रीच्या जेवणात दाल-पानिये मागा: पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे जाड गोळे आणि डाळ. ते ऐनवेळी होत नाहीत, दुपारीच सांगून ठेवावं लागतं.

दुसरी सकाळ: जहाज महालातलं पाणी

जहाज महाल पहिल्या दुपारी गर्दीत उरकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी उघडताक्षणी गाठा. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये ही लांबलचक इमारत उभी आहे, आणि पाणी असलं की ती खरोखर नांगरलेल्या जहाजासारखी वाटते. इथे किमान दीड तास द्या.

एक गोष्ट जवळून, अगदी वाकून बघण्यासारखी. गच्चीवर दगडात कोरलेली पाण्याची पन्हळ सरळ जात नाही. ती गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल फिरत हौदाकडे जाते. अशा वळणांत पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो, म्हणजे शोभा आणि गाळणी एकाच नक्षीत. पन्हळीच्या तळावर बोट फिरवलं तर दगड किती गुळगुळीत घासला आहे ते कळतं. त्यानंतर खाली येऊन चंपा बावडीजवळच्या तळघरात जा. विहिरीच्या गारव्यावर थंड राहणाऱ्या त्या खोल्यांत शिरताच अंगावरून वारं फिरल्यासारखं होतं. टॉर्च इथे लागतो.

ज्याला या पन्हळीपाशी अर्धा तास कमी वाटतो त्याने वहीत तसं लिहावं. त्याची आवड इमारतीत नसून इमारत चालते कशी यात आहे, आणि पुढचे प्रवास निवडताना हा फरक फार उपयोगी पडतो.

महेश्वर

अकरापर्यंत मांडवगड सोडून खाली उतरा. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवा. सतत ब्रेक दाबून उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. बसने जाणाऱ्यांनी धामनोदला गाडी बदलायची. या टप्प्यावर गाड्या मोजक्या असतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच मांडूच्या स्टँडवर वेळ विचारून वहीत लिहून ठेवा.

दुपारी खोलीवर झोपा. हा सल्ला आळसाचा नाही. महेश्वरच्या दोनच वेळा खऱ्या, संध्याकाळी साडेचारपासून अंधार पडेपर्यंत आणि पहाटे साडेपाच ते आठ. त्या दोन्हीसाठी ताजेपणा राखून ठेवायचा.

अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये राज्याची सूत्रं हाती घेतल्यावर इथूनच कारभार केला. ज्या घरात इंदूरच्या राजवाड्याबद्दल रोज बोललं जातं, तिथल्या मुलांनाही महेश्वरच्या वाड्यातली साधी बैठक बघितल्यावर अहिल्याबाई वेगळ्या उमगतात. किल्ल्यातून उतरून घाटावर या, आणि नाव घ्यायची असेल तर तीन गोष्टी आधी ठरवा: किती वेळ, कुठपर्यंत, माणशी की नावेचे पैसे. लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा, फळीखाली ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही.

पहाटे घाटावर पांढऱ्या कपड्यातले नर्मदा परिक्रमावासी भेटतात. ‘नर्मदे हर’ म्हणा, तेही म्हणतात. ते नदी उजव्या हाताला ठेवून चालतात आणि परिक्रमा पुरी होईपर्यंत पात्र ओलांडत नाहीत, म्हणून पलीकडे नावेतून फिरायला चला असा आग्रह त्यांना करू नये. न विचारता फोटो काढू नये. थोडी फळं किंवा चहा दिला तर आनंदाने घेतात.

माहेश्वरी साडी घ्यायची असेल तर हातमागाची कशी ओळखायची ते शिकून घ्या. साडी उजेडासमोर धरा आणि अगदी कडेला बघा. विणताना कापड ताणून धरण्यासाठी दोन्ही कडांना टोकदार आडकाठी लावतात, तिच्या टोकांची बारीक भोकं ठराविक अंतराने दिसतात. मग काठ उलटून बघा. माहेश्वरीचा खास काठ, ज्याला बुगडी म्हणतात, दोन्ही बाजूंनी नेसता येतो. उलट बाजूला सुटे धागे लोंबत असतील तर तो काठ तसा नाही. पारंपरिक पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि त्यांच्यामध्ये दोन पांढरे. उभ्या ताण्याला रेशीम आणि आडव्या बाण्याला सूत असल्यामुळे पहिल्या काही धुण्यांना साबणाचा जोर नको, गार पाण्यात हलक्या हाताने, आणि सावलीत वाळवायची. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात रंग निवडू नका. विणकर सोसायटीत किंवा मागावरच सकाळी जा, धोट्याचा खट्-खट् आवाज ऐकत घेतलेली साडी जास्त वर्षं प्रिय राहते.

तिसरा दिवस: ओंकारेश्वर

घाटावरची पहाट संपवून आठला महेश्वर सोडलं तर साडेदहापर्यंत ओंकारेश्वरला पोचता. पावसाळ्याच्या अखेरीस नर्मदेला पूर असेल तर वाटेतला मोरटक्क्याचा पूल वाहतुकीला बंद ठेवतात. त्या दिवसांत निघण्याआधी चौकशी करा, नाहीतर पलीकडे दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत परतावं लागतं.

आता एक कठोर सल्ला: या एका दिवसात ओंकारेश्वराचं दर्शन किंवा ते देऊळ ज्यावर आहे त्या मांधाता बेटाची परिक्रमा यांपैकी एकच ठरवा. दोन्ही हवं असेल तर तिसरी रात्र ओंकारेश्वरला राहा आणि सकाळी सहाला परिक्रमेला निघा. रांग किती वेळ घेईल हे आपल्या हातात नसतं, आणि रांगेतून सुटून भर दुपारी मांधाता बेटाचा चढ चढणाऱ्यांचीच तब्येत बिघडते.

बेटाची परिक्रमा साधारण सात किलोमीटरची. निवांत चालीने अडीच ते तीन तास. माणशी दीड लिटर पाणी, डोक्याला पंचा, आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको. वानरांना ती पिशवी म्हणजे प्रसाद एवढंच ठाऊक असतं. नारळ-फुटाणे पाठपिशवीच्या तळाशी. वाटेत टेकडीवर सिद्धनाथाचं पडकं देऊळ आहे. त्याच्या जोत्यावर कोरलेल्या हत्तींपाशी थांबा, प्रत्येक जोडीची झुंज वेगळी आहे. दक्षिण तीरावरचं ममलेश्वर चुकवू नका. तिथे गर्दी कमी असते आणि दगडी कोरीव काम शांतपणे बघता येतं.

स्नानाबद्दल इथे फार सांभाळून राहायला हवं. गावाच्या वरच्या अंगाला धरण आहे आणि पाणी सोडलं की पात्र बघता बघता चढतं. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावस्येच्या स्नानाला जमलेले कितीतरी यात्रेकरू धरणातून सुटलेल्या पाण्यात वाहून गेले. भोंगा वाजला की कपडे, चपला, पूजेचं ताट सगळं सोडून वर चढायचं. पात्रातल्या खडकांवर जाऊन बसणं टाळा. घाटाच्या साखळीला धरूनच बुडी घ्या, पोहता येत असेल तरीही.

परत निघताना चारच्या आत गाडीत बसा. बडवाह आणि सिमरोलच्या मध्ये भेरू घाट लागतो, तिथे अंधारात ट्रकमागे अडकून ओव्हरटेकचा मोह होतो. तो घाट उजेडीच पार करा. रात्री इंदुरात भूक शिल्लक असेलच. सराफा बाजारात सोन्याचांदीची दुकानं मिटल्यावर खाऊगल्ली सजते, थंडीत गराडू (तळलेल्या कंदाचे तुकडे) मिळतात, आणि राखून ठेवलेली कचोरी आता खायला हरकत नाही.

परतल्यावर वही वाचायची

लगेच नको. तीन दिवस जाऊ द्या. मग फोटो न बघता शेवटच्या पानावर लिहा: कोणता तास राहिला? त्यानंतर मागच्या नोंदी वाचून दमणुकीचे आकडे बघा. दुपारी चारला तिन्ही दिवस ४ किंवा ५ असेल तर तुमचा दिवस तुमच्यासाठी फार लांब आखलेला होता, पुढच्या वेळी रोजचं एक ठिकाण कमी करा. आकडा २ असूनही ओळीत ‘कंटाळा’ असेल तर दिवस रिकामा होता. आकडा ५ आणि ओळ मात्र आनंदाची असेल, तर तुम्ही चालणारे प्रवासी आहात.

इमारतींपाशी जीव रमला असेल तर पुढे चंदेरी. जहाज महालाच्या पन्हळीपाशी रमला असेल तर बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, जमिनीखालून पाणी आणणारी मुघलकाळातली व्यवस्था, विहिरीतून खाली उतरून बघावी अशी. नदीपाशी रमला असेल तर भेडाघाटचा धुवांधार आणि मग नर्मदेचा उगम, अमरकंटक. मागापाशी थांबला असाल तर चंदेरी आणि पैठण. काहीच रमलं नसेल पण बसमधल्या गप्पा आठवत असतील, तर ठिकाणांच्या मागे लागू नका. लांब पल्ल्याच्या रेल्वेचा प्रवासच तुमचा प्रवास.

त्यासाठी तिकिटाचं गणित थोडक्यात. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस न मोजता. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला, ऑनलाइन काढताना खातं आधारशी जोडलेलं हवं. ते ऐनवेळी जोडायला बसू नका. इंदूर पुष्कळ गाड्यांचं सुरुवातीचं स्टेशन आहे, याचा फायदा घ्या. सुरुवातीच्या स्टेशनावरून मिळणारी जनरल वेटिंग मधल्या स्टेशनांच्या कोट्याच्या वेटिंगपेक्षा जास्त हलते. म्हणून पुढचं स्टेशन टाकून काढलेलं २० वेटिंगचं तिकीट इंदूरच्या ३० पेक्षा बरं असेलच असं नाही. फोन घरूनच पूर्ण चार्ज करून निघा, रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले पॉइंट बंद ठेवतात.

आणि पिशवी त्याच आठवड्यात पुन्हा भरून ठेवा. पंचे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवलेले, दोरी-चिमटे जागेवर, ओआरएसची वापरलेली पुडी भरून काढलेली आणि उरलेल्यांवरची तारीख तपासलेली, टॉर्चचे सेल मात्र काढून वेगळ्या डबीत, कारण आत राहिले तर पाझरतात आणि ऐन तळघरात टॉर्च लागत नाही.